गाळाच्या पुढे सरकत गेलेले देव : सोपारा ते वसई

नालासोपाऱ्याच्या भातेला तळ्यापाशी १८८२ साली दगडाचा एक फुटका तुकडा सापडला. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत, ओळी अर्ध्याच. वाचल्यावर कळलं की हा अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्याचा भाग आहे. बाकीचा दगड कुणाच्या पायरीला गेला की विहिरीच्या काठाला, कोण जाणे. तुकडा आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यावरचे शब्द मोजकेच आहेत, पण गिरनारला आणि कालसीला हाच लेख चांगला शाबूत असल्याने मजकूर पूर्ण कळतो.

आणि मजकूर आहे सहलीविषयी. पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, त्यात शिकार आणि तशाच इतर करमणुकी असत, असं अशोक सांगतो. पुढे म्हणतो, राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर मी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं तेही तो सांगतो: श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, म्हाताऱ्यांना भेटायचं, खेड्यापाड्यातल्या लोकांची विचारपूस करायची.

वसईच्या किल्ल्यात रविवारी सकाळी गेलं की हा लेख आठवतो. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी, ड्रोन उडवणारी पोरं, वडापावच्या कागदांचे बोळे. अशोकाच्या हिशेबात ही विहारयात्राच. तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही, भिंती कुणाच्या बापाच्या नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. वसई बघायला येणारा बहुतेक माणूस थेट किल्ल्यात जातो, पोर्तुगिजांची पडकी चर्चं आणि चिमाजी अप्पांचं स्मारक बघतो आणि परततो. त्याच्या लेखी वसईचा इतिहास १५३४ साली सुरू होऊन १७३९ साली संपतो. प्रत्यक्षात किल्ला हा या गावाचा शेवटून दुसरा अध्याय आहे. पहिला अध्याय तिथून दहा-बारा किलोमीटर उत्तरेला सोपाऱ्यात आहे आणि त्या दोघांना जोडणारा धागा म्हणजे एक खाडी, जी आता जवळजवळ उरलेली नाही.

आज वसई, नालासोपारा, विरार ही पश्चिम रेल्वेची ओळीने येणारी स्टेशनं. पण जुनी वसई बेट होती. दक्षिणेला उल्हासची, म्हणजे वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन पाण्यांना जोडणारी चिंचोळी खाडी. सोपारा या आतल्या खाडीवर होतं. वाऱ्यापासून आडोसा, भरतीला आत येणारं पाणी, मागे घाटवाटांनी जुन्नर-नाशिककडे जाणारा रस्ता. असं बंदर दीड-दोन हजार वर्षं चालतं. मग गाळ साचतो. गलबतं आत येईनाशी होतात, व्यापारी उतारावर, तोंडाकडे सरकतात. सोपाऱ्याचं काम आगाशी आणि वसईकडे गेलं, वसईचं पुढे मुंबईकडे. देवस्थानंही त्याच वाटेने सरकली, कारण स्तूप काय, देऊळ काय, चर्च काय, बांधायला पैसा लागतो आणि पैसा धक्क्यावर उतरतो. लढाया आणि राजवटी आपल्याला पाठ असतात. गाळाची तारीख कुणी पाठ करत नाही.

सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे सूप, धान्य पाखडायचं. परशुरामासाठी समुद्राने मागे हटून जी जमीन दिली ती शूर्पारक, असं महाभारतात येतं. पाली ग्रंथांत ते सुप्पारक होतं, पेरिप्लस या जुन्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथातल्या ग्रीक खलाशाच्या तोंडी सुप्पारा आणि अरबांच्या लिखाणात सुबारा. सिंहली परंपरेत तर लंकेच्या पहिल्या राजाची, विजयाची, गलबतं आधी सुप्पारकालाच लागली होती. पण त्याच्या माणसांनी बंदरावर इतका दंगा केला की त्यांना तिथून काढता पाय घ्यावा लागला. पाहुण्यांनी गोंधळ घालण्याची परंपराही इथे तेवढीच जुनी म्हणायची.

बौद्ध कथांमध्ये सोपारा येतं ते पूर्णामुळे. हा इथला व्यापारी. समुद्रप्रवासात सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून त्याने बुद्धाची वचनं ऐकली आणि पुढे भिक्षू झाला. आपल्या मुलखात धर्म सांगायला परत निघाला तेव्हा बुद्धाने विचारलं, तिथली माणसं तापट आहेत, शिव्या देतील तर? पूर्ण म्हणाला, हात तरी उगारला नाही, भली माणसं आहेत असं म्हणेन. हात उगारला तर? ढेकळं तरी मारली नाहीत असं म्हणेन. ढेकळांवरून काठी, काठीवरून शस्त्र, शस्त्रावरून जीव घेण्यापर्यंत प्रश्न जातात आणि पूर्णाचं उत्तर त्याच सुरात येत राहतं. अपरान्तातल्या माणसांची, म्हणजे आपल्या उत्तर कोकणातल्या पूर्वजांची, ही बाहेर झालेली सगळ्यात जुनी ख्याती. फार अभिमानाची नसली तरी गोष्ट झकास आहे.

गोष्टींपेक्षा पक्का पुरावा नाशिकच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तिथे कोरलेला आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. दमण, तापी, डहाणूच्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. आणि शोर्पारगातल्या रामतीर्थासह काही ठिकाणच्या चरक परिव्राजकांसाठी नानंगोल गावी नारळाची ३२,००० रोपं दिली. हा राम म्हणजे परशुराम असावा, असं बहुतेक अभ्यासक धरतात. लेख कोरलाय बौद्ध भिक्षूंना दिलेल्या लेण्यात, दान सांगितलंय ब्राह्मणी परंपरेच्या संन्याशांना, आणि देणारा शक. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं सोपारा हे असं होतं. कार्ल्याच्या चैत्यगृहातही एका खांबावर सोपाऱ्याच्या दात्याचं नाव आहे. बंदराचा पैसा घाट चढून किती वर जात होता, ते यावरून कळतं.

स्तूपाला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या विणणारा. शूर्पारकाचा राजा म्हणून लोकांनी सूप विणणारा राजा कल्पिला असावा, असं मला वाटतं. संस्कृत नाव विसरलं गेलं, पण त्याचा अर्थ टेकाडाला चिकटून राहिला. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणलं. ते जुनागढचे, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले. पदवी नाही, इंग्रजी बेताचं, पण जुन्या लिप्या वाचण्यात त्या काळात त्यांचा हात धरणारे फार थोडे. टेकाडाच्या पोटात विटांचं बांधकाम निघालं आणि मधोमध दगडाची मोठी गोल पेटी.

ही पेटी जरा सावकाश उघडण्यासारखी आहे. झाकण काढल्यावर आत बुद्धाच्या आठ छोट्या ब्राँझ मूर्ती, वर्तुळात बसवलेल्या: सात होऊन गेलेले बुद्ध आणि आठवा पुढे यायचा असलेला मैत्रेय. त्यांच्या मधोमध तांब्याची डबी. तांब्याच्या आत चांदीची, चांदीच्या आत दगडाची, दगडाच्या आत स्फटिकाची, स्फटिकाच्या आत सोन्याची. सोन्याच्या डबीत सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. सगळ्यात आतल्या, सगळ्यात महागड्या डबीत खापऱ्या. हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ठेवले होते. सोबत गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. म्हणजे मधल्या सहाशे-सातशे वर्षांत कुणीतरी हा स्तूप पुन्हा उघडला, जुने अवशेष तसेच ठेवले, भोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. ज्याला आपण एक काळाचं स्मारक समजतो त्याच्या पोटातच दोन काळ निघतात. पेटीतला ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. सोपाऱ्यात उरला तो विटांचा ढिगारा, कुंपण आणि पुरातत्त्व खात्याचा फलक. चहूबाजूंनी इमारती आल्या आहेत. आत मात्र सकाळी चालायला येणारे म्हातारे असतात आणि बुद्धपौर्णिमेला निळे-पंचरंगी झेंडे लागतात.

स्तूपापासून जवळच चक्रेश्वराचं तळं. काठावरचं महादेवाचं देऊळ आजच्या रूपात नवं दिसतं, पण आवारातल्या मूर्ती शिलाहारांच्या काळातल्या आहेत. त्यातला उभा ब्रह्मदेव माणसाच्या उंचीचा, देखणा. ब्रह्मदेवाच्या मूर्ती मुळात कमी, इतकी चांगली तर क्वचितच. बाजूला वीरगळ, फुटकी शिल्पं, कोणत्या तरी मोठ्या देवळाचे विखुरलेले अवयव. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्याने याच शूर्पारकाहून तेजकंठ नावाचा पंडित काश्मीरच्या विद्वत्सभेत पाठवला होता, अशी नोंद मंख या काश्मिरी कवीच्या काव्यात आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवर अपरार्क म्हणून प्रसिद्ध असलेली टीका याच राजाच्या नावावर आहे. जैनांच्याही तीर्थांच्या यादीत सोपारा होतं. पुढे आगाशीला मुंबईच्या मोतीशाह शेठांनी मुनिसुव्रतस्वामींचं देरासर बांधलं, तिथे आजही गर्दी असते.

इथे ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांच्या गलबतातून उतरला, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचा सोबती फ्रान्सचा जॉर्डेनस त्या वेळी दुसरीकडे होता. तो परत आला, त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेले आणि तिथल्या संत थॉमसच्या चर्चमध्ये पुरले. म्हणजे तेव्हा सोपाऱ्यात चर्च होतं. ते पूर्वेकडच्या सीरियन परंपरेच्या व्यापाऱ्यांचं असणार. त्याआधी सहाव्या शतकातच कल्याणला इराणातून नेमलेला बिशप असल्याचं एका ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. थोड्याच वर्षांनी ओडोरिक नावाचा एक इटालियन साधू आला. त्याने त्या चौघांच्या अस्थी उकरल्या, गाठोड्यात बांधल्या आणि गलबताने थेट चीनला नेल्या. सोपाऱ्याची माती असलेल्या त्या अस्थी चीनच्या बंदरात पुन्हा पुरल्या गेल्या. सोपाऱ्याचं ते चर्च कुठे होतं, त्याची खूण आज राहिलेली नाही.

तोवर सोपाऱ्याची खाडी आखडत आली होती. सोळाव्या शतकात गुजरातच्या सुलतानाचा ठाणेदार मलिक तुघान याने कोट उभारला तो सोपाऱ्यात नाही, खाडीच्या तोंडाशी, वसईला. पोर्तुगीज याच कोटावर १५३३ साली चालून आले. पुढच्या वर्षी, २३ डिसेंबर १५३४ रोजी, हुमायूनच्या धास्तीने घेरलेल्या बहादुरशहाने साव मातेउश या गलबतावर तह करून वसई नुनो द कुन्हाला देऊन टाकली. त्याच तहात मुंबईची बेटंही गेली. तेव्हा कुणी त्यांची फारशी दखल घेतली नाही. सव्वाशे वर्षांनी ती राजकन्येच्या हुंड्यात इंग्रजांना गेली आणि मग वसईच्या मुळावर आली, पण तो पुढचा भाग.

पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची, दमणपासून चौलपर्यंतची, राजधानी वसई झाली. तट, बुरूज, आत मोठ्या घराण्यांचे वाडे आणि चर्चं. एवढ्याशा जागेत इतकी चर्चं का, असा प्रश्न किल्ल्यात फिरताना पडतो. उत्तर असं की साधूंच्या एकेका संघाला स्वतःचं हवं होतं. फ्रान्सिस्कनांचं वेगळं, जेझुइटांचं वेगळं, डोमिनिकनांचं, ऑगस्टिनियनांचं वेगळं, शिवाय बिशपच्या अखत्यारीतलं संत जोसेफचं. आपल्याकडे एका गावात पाच मठ असतात आणि पाचही महाराज एकमेकांकडे जात नाहीत, त्यातलाच प्रकार. संत जोसेफच्या दारावरची शिळा सांगते की १६०१ साली, आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात हे चर्च नव्याने बांधलं गेलं. मनोऱ्यात गोल जिना आहे. अंधारा, पायऱ्या झिजलेल्या, वटवाघळांचा वास.

मला स्वतःला फ्रान्सिस्कनांचं संत अँथनीचं चर्च जास्त आवडतं. छप्पर केव्हाच गेलं, कमानी उभ्या आहेत, आणि फरशीच्या जागी थडग्यांच्या शिळा आहेत. एकीला लागून दुसरी. त्यांवर घराण्यांची चिन्हं, नावं, सालं, या जागेवर आपला आणि आपल्या वारसांचा हक्क सांगणारे शब्द. पावसाळ्यात त्यांच्या फटींतून तेरडा उगवतो. वारस कुठे गेले कळत नाही, हक्क मात्र दगडात कायम आहे.

दगडावरून आठवलं. वसईच्या काळ्या दगडाला तेव्हा गोव्यातही मागणी होती. तिथला जांभा कोरीवकामाला चालत नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेच्या दर्शनी भागातला बारीक नक्षीचा काळा दगड वसईहून नेलेला आहे. संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला जाणारा माणूस वसईच्या बेसाल्टसमोरच मान वर करतो.

या किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकलेला एक मुलगा म्हणजे गोन्सालो गार्सिया. जन्म १५५७च्या सुमाराचा, बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच कोकणातली. पंधरा-सोळाव्या वर्षी धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा उत्तम शिकला, काही काळ व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या २६ जणांना क्रुसावर चढवलं त्यांत तो होता. १८६२ साली रोमने त्याला संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे, वसईत कॉलेज आहे. सोपाऱ्याचा तो व्यापारी पूर्ण बाहेरचा धर्म घेऊन घरी परतला, गोन्सालो घरचा धर्म घेऊन बाहेर गेला. दोघांचाही रस्ता गलबतावरूनच.

तटाबाहेरची गोष्ट तितकी सरळ नाही. सांडोर १५६६, नंदाखाल १५७३, पापडी १५७४ अशी गावोगाव चर्चं उभी राहिली. जमीन, महसूल, नोकरी, भीती आणि श्रद्धा यांपैकी कुठे कशाने काम केलं हे घरागणिक वेगळं असणार. पण देवळं पाडली गेली, तळी बुजवली गेली, हिंदू सणांवर बंदी आली, यात शंका नाही. निर्मळच्या टेकडीवरचं देवस्थान याच काळात उद्ध्वस्त झालं. वज्रेश्वरीचं मूळ ठाणंही याच धास्तीने हलवावं लागल्याचं सांगतात.

धर्म बदलला तरी बाकीचं फारसं बदललं नाही. कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण यांची घरची बोली आजही एकच, कादोडी. वाडी तीच, केळी-विड्याच्या पानांची. बायकांच्या लाल लुगड्यांची नेसण तीच. लग्नातली गाणी तीच, मधल्या देवाचं नाव तेवढं वेगळं. मिस्सा आता मराठीत होते. १९९८ साली मुंबईपासून वेगळा काढून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पापडीचं चर्च त्याचं कॅथेड्रल ठरलं. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या. वसईकरांना त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

१७३९ची लढाई सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १७३७ साली ठाणे आणि साष्टी घेतल्यावर चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. समुद्राकडून पोर्तुगिजांना आधार, जमिनीकडे दलदल. शेवटी सुरुंगांनी संत सेबास्तियनच्या बुरुजापाशी तट फुटला, मराठ्यांचे हजारो लोक पडले आणि मे १७३९ मध्ये काएतानो द सोझा परेराने शरणागतीवर सही केली. अटी उदार होत्या. पोर्तुगीज फौज शस्त्रांसह, वाजतगाजत बाहेर पडली, पाद्र्यांना चर्चमधल्या पूजेच्या वस्तू नेता आल्या. गावाचं नाव काही काळ बाजीपूर झालं. ते टिकलं नाही. चिमाजी अप्पांच्या नवसाप्रमाणे तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरीचं देऊळ उभं राहिलं. ५२ पायऱ्या आणि तटबंदी, दिसायला देऊळ कमी आणि गढी जास्त.

चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी नेल्या. ओतीव घंटा इतक्या मोठ्या आकारात आपल्याकडे होत नसत, आणि आवाज तर वेगळाच. भीमाशंकरला शनीच्या देवळापुढे एक आहे, त्यावर क्रूस दिसतो. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांच्या देवळापाशी एक, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आणि १७०७ हे साल. नाशिकची सगळ्यात प्रसिद्ध, १७२१ची. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली पंचवटीत रामेश्वराचं देऊळ बांधलं, त्याच्या तटावर ती टांगली. गोदावरीचा पूर घंटेला लागला की नाशिककर समजायचे, आता काही खरं नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणायची पद्धत तिथूनच पडली. चर्चची घंटा महादेवाच्या देवळात गेली आणि शेवटी भाषेत जाऊन बसली. प्रत्येक घंटा वसईच्याच किल्ल्यातली असेल असं नाही, साष्टीतल्या चर्चांमधल्याही त्यांत असतील. पण लोकांच्या तोंडी सगळ्या वसईच्याच.

वसईचे सरसुभेदार शंकराजी केशव यांनी १७५०च्या सुमारास निर्मळचं देवस्थान पुन्हा उभं केलं. शंकराचार्यांच्या परंपरेतल्या एका स्वामींची समाधी तिथे आहे. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते आणि बरेच दिवस चालते. जत्रेतलं खास म्हणजे सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधतात. बनवणारी घरं बरीचशी ख्रिस्ती, घेणारे सगळेच.

पुढचं इंग्रजांचं राज्य वसईच्या दृष्टीने उतरणीचं. डिसेंबर १७८०मध्ये जनरल गॉडर्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने परत मिळाला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्याच तहावर सही करून पेशवाई गहाण टाकली. धर्माच्या वास्तूंत इंग्रजांनी इथे फार भर घातली नाही. त्यांचं बंदर मुंबई होतं. वसईला त्यांनी आगगाडी दिली. १८६७ साली मुंबईची पहिली उपनगरी गाडी विरारहून सुटली आणि खाडीने जे केलं नव्हतं ते रुळांनी केलं: लोंढा उलट फिरला. नाळे आणि सोपारा या दोन गावांची नावं एकत्र करून स्टेशनचं नाव पडलं, २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहर १२ लाखांवर गेलं आणि जुन्या बंदराच्या खाजणावर आता चाळी आणि टॉवर आहेत.

एका दिवसात हे सगळं बघायचं तर सकाळ सोपाऱ्यात घालवावी, स्तूप आणि चक्रेश्वर. दुपारी निर्मळ, वाटेत नंदाखाल. ऊन उतरल्यावर किल्ला, जमीन दरवाजाने आत आणि बंदर दरवाजाने बाहेर. आणि जमलं तर मध्ये भुईगावला वळावं. १९५६ साली तिथे अशोकाच्या लेखाचा आणखी एक तुकडा मिळाला, या वेळी नवव्याचा. त्यात अशोक जरा कुरकुरतो. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगलं करतात, बायका तर फारच, आणि त्याचं फळ थोडं, असं त्याचं म्हणणं. बंदर दरवाजातून बाहेर पडलं की समोर कोळ्यांच्या होड्या आणि काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. पावसाळा सरला की होडी पाण्यात लोटण्याआधी कुणी नारळ सोडतं, कुणी पाद्र्याला बोलावून तीर्थ शिंपडून घेतं. नाळेवर कुठे हळदकुंकू, कुठे क्रूस, बऱ्याचदा झेंडूची माळ दोन्हींवर. दोन्ही होड्या एकाच भरतीला सुटतात.